तबेल्यातून निघालेली लोटस

१९४७ सालच्या शरदात ब्रिटिश सरकारने खासगी मोटारींना मिळणारा पेट्रोलचा मूळ शिधा बंद करून टाकला. महायुद्ध जिंकून दोन वर्षे लोटली होती, पण तिजोरीत डॉलर उरले नव्हते आणि तेल डॉलर मोजूनच आणावे लागे. लंडनच्या वॉरन स्ट्रीटवर तेव्हा जुन्या गाड्यांचा मोठा बाजार भरत असे. नव्या गाड्या परदेशी निर्यातीसाठी राखून ठेवलेल्या, त्यामुळे देशातल्या गिऱ्हाइकाला जुन्यावाचून गत्यंतर नव्हते आणि दलालांची चांदी होती. शिधा बंद झाला आणि तो बाजार पाहता पाहता बसला. ज्या गाडीला पेट्रोलच मिळणार नाही ती विकत कोण घेणार?

या पडझडीत हात पोळलेल्यांमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. वर्ग चुकवून, एका मित्राच्या भागीत तो गाड्यांची घेवबेच करीत असे आणि वयाच्या मानाने त्याने बरा पैसा गाठीशी बांधला होता. हातातल्या गाड्या मिळेल त्या भावाला फुंकून टाकताना कमाईतले बहुतेक सारे गेले. एक गाडी मात्र तशीच राहिली, जुनी ऑस्टिन सेव्हन. तिला कोणी घेईना. तिचे काय करायचे, या प्रश्नाला त्या मुलाने जे उत्तर शोधले त्यातून लोटस ही मोटार कंपनी जन्माला आली.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन हे त्याचे नाव. जन्म १९ मे १९२८ चा, लंडनलगतच्या रिचमंडमधला. वडील स्टॅन्ली चॅपमन उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात टॉटनहॅम लेनवर रेल्वे हॉटेल नावाचे पानगृह चालवीत. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलाच्या छंदासाठी पैसा उधळावा असे नव्हे. १९४४ मध्ये एका नृत्याच्या कार्यक्रमात कॉलिनची हेझल विल्यम्स या मुलीशी ओळख झाली. ती त्याच्याहून वर्षभराने मोठी. तिच्या आईवडिलांचे घर जवळच मसवेल हिलला होते आणि घरामागे एक बंदिस्त गॅरेज होते. ते गॅरेज आणि ती मुलगी या दोहोंवाचून पुढचे काही घडले नसते.

त्या गॅरेजात कॉलिनने ऑस्टिनचे जुने अंग उतरवले. खालचा सांगाडा आणि इंजिन ठेवून त्यावर त्याने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडचे नवे अंग चढवले. विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान उडवायला शिकत होता आणि विमानाची रचना त्याने डोळे उघडे ठेवून पाहिली होती. विमानात पत्रा हे नुसते झाकण नसते, तोही भार वाहतो. आतल्या आडव्या भिंती आणि बाहेरचे कवच एकमेकांना धरून ठेवतात. मोटारीत मात्र तोवर खाली जड लोखंडी चौकट आणि वर तिच्यावर बसवलेली डबी असाच प्रघात होता. चॅपमनने विमानाची युक्ती मोटारीला लावली. हेझल त्याच्या बरोबरीने राबत होती. १९४८ मध्ये गाडी तयार झाली आणि तिला नवे नाव मिळाले, लोटस. अमुकच कारणाने हे नाव ठेवले, असे चॅपमनने जन्मात कधी उघड केले नाही. हेझलला तो लाडाने कमळाच्या फुलावरून हाक मारीत असे, असे पुष्कळजण सांगतात. ही गाडी चिखलाच्या चढणींवर चालवण्याच्या स्पर्धांसाठी बांधलेली होती. चिखलातल्या कमळाचा दृष्टान्त देण्याचा मोह आपल्याकडच्या माणसाला इथे होणारच. चॅपमनच्या ध्यानीमनीही तो नसणार.

अभ्यासाची मात्र हेळसांड झाली होती. गणितात तो अनुत्तीर्ण झाला आणि पुन्हा परीक्षेला बसून १९४९ मध्ये पदवी पदरात पाडून घेतली. काही काळ हवाई दलात काढला. तिथे कायम राहण्याचा मार्ग खुला असताना तो परतला आणि यथावकाश ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागला. इमारतींच्या बांधकामात ॲल्युमिनियम कसे वापरता येईल हे गिऱ्हाइकांना पटवून देणे हे त्याचे काम. म्हणजे दिवसा हलक्या धातूची महती गायची आणि रात्री त्याच धातूच्या गाड्या बांधायच्या. पुलाच्या कैच्या आणि छपराच्या तुळया यांचे जे शिक्षण त्याला मिळाले होते, त्याचा उपयोग त्याने पूल बांधण्यासाठी फारसा केलाच नाही. भार कुठून येतो आणि कुठल्या वाटेने जमिनीपर्यंत जातो, हे एकदा कळले की त्या वाटेवर नसलेले सारे साहित्य काढून टाकता येते, एवढे सूत्र मात्र त्याने पक्के धरले.

दुसरी लोटस घेऊन तो १९५० च्या जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला गेला. तिथे एका शर्यतीत त्याच्या या घरगुती गाडीने बुगाटी गाडीला मागे टाकले. बुगाटी म्हणजे त्या काळच्या शौकिनांचे दैवत. त्या दिवसानंतर चढणींच्या स्पर्धांतला त्याचा रस संपला आणि धावपट्टीवरच्या शर्यतींचे वेड लागले ते मरेपर्यंत सुटले नाही.

युद्धोत्तर इंग्लंडमध्ये पैसा नसलेल्या शर्यतवेड्यांसाठी ७५० मोटर क्लबने एक स्वस्त वर्ग काढला होता. ऑस्टिन सेव्हनचेच इंजिन आणि सांगाडा वापरायचा, बाकी डोके ज्याचे त्याचे. मायकेल आणि नायजेल ॲलन या भावांकडे सुसज्ज कार्यशाळा होती. त्यांच्या साथीने चॅपमनने १९५१ च्या हंगामासाठी तिसरी लोटस बांधली. ऑस्टिनच्या इंजिनात चार नळकांडी, पण पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घ्यायची तोंडे दोनच. दोन-दोन शेजाऱ्यांत एक तोंड. त्यामुळे एक नळकांडे शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवी. चॅपमनने प्रत्येक तोंडात मधोमध पातळ पत्र्याचा पडदा घालून दोनाची चार केली. नियमात याला मनाई नव्हती, कारण असे कोणाच्या मनातच आले नव्हते. त्या वर्षी त्याची गाडी इतरांच्या इतकी पुढे राहू लागली की क्लबला नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. नियमावली शत्रुपक्षाच्या वकिलाप्रमाणे वाचायची ही त्याची सवय. पुढे तीस वर्षे जगभरच्या शर्यत-अधिकाऱ्यांची झोप तिने उडवली, आणि शेवटी ती त्याच्याही मुळावर आली असे मला वाटते.

ती गाडी पाहून लोक तशीच आपल्याला बांधून मागू लागले. १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. जागा कोणती, तर वडिलांच्या रेल्वे हॉटेलामागचे घोड्यांचे जुने तबेले. त्याच वर्षी पुढे मर्यादित कंपनी म्हणून तिची नोंद झाली, तेव्हा लागणारे २५ पौंड हेझलने दिले. चॅपमनची नोकरी चालूच होती. दिवसा मायकेल ॲलन तबेला सांभाळी आणि संध्याकाळी ॲल्युमिनियम कंपनीतून सुटून मालक कामावर हजर होई.

इथे बांधलेली सहाव्या क्रमांकाची गाडी, मार्क सिक्स, ही लोटसची विक्रीसाठी बनलेली पहिली खरी मोटार. हिच्यात ऑस्टिनचा सांगाडा नव्हता. पोलादाच्या बारीक नळ्या जोडून केलेला तिचा पिंजरा अवघा २५ किलोंच्या आसपास भरे. एका माणसाने सहज उचलून खांद्यावर घ्यावा असा. इंजिन, धुरे, गिअर हे सारे फोर्डच्या साध्या गाड्यांतले, भंगारबाजारातही मिळणारे. पण पहिलीच गाडी पुरती पायांवर उभी राहण्याआधी, १९५२ च्या उन्हाळ्यात बोरहॅमच्या शर्यतींच्या वेळी, नायजेल ॲलन ती रस्त्यावरून नेत असताना पावाच्या गाडीवर आदळली आणि तिचा चेंदामेंदा झाला. जीव वाचला. धंदा संपला असे वाटण्याजोगी वेळ होती, आणि ॲलन बंधूंनी त्यानंतर अंग काढून घेतलेही. चॅपमनला मात्र विम्याचे पैसे मिळाले आणि तेच त्याचे भांडवल झाले.

गाडी सुट्या भागांच्या रूपात विकण्याची त्याची क्लृप्ती याच काळातली. तयार मोटारीवर इंग्लंडात जबर खरेदी-कर होता. सुट्या भागांवर तो लागत नसे. तेव्हा पिंजरा, पत्रे आणि काही खास भाग लोटसने द्यायचे, उरलेले गिऱ्हाइकाने कुठूनही मिळवायचे आणि आपल्या परसात नट-बोल्ट आवळत बसायचे. दारिद्र्य आणि हौस या दोन्ही गोष्टी मुबलक असलेल्या त्या देशात ही पद्धत चांगलीच रुजली. मार्क सिक्सच्या सुमारे शंभर गाड्या निघाल्या. पीटर गॅमन या चालकाने एमजीचे इंजिन बसवलेल्या आपल्या मार्क सिक्सवर १९५४ च्या हंगामात १७ पैकी १४ शर्यती जिंकल्या. लोटसला जाहिरातीवर पैसा घालवण्याची गरज उरली नाही.

तबेल्याभोवती जमलेली माणसेही पाहण्यासारखी होती. द हॅविलंड या विमान कारखान्यातला तंत्रज्ञ माइक कॉस्टिन १९५३ पासून संध्याकाळी येऊ लागला. त्याचा भाऊ फ्रँक विमानांच्या वायुगतिकीतला जाणकार. त्याने आठव्या लोटसचे अंग हवेला कापत जाईल असे घडवले. पगार कोणाला फारसा नव्हता, बहुतेकांना मुळीच नव्हता. विमान कारखान्यात दिवस भरायचा आणि रात्री हॉर्न्सीत वेल्डिंग करायचे, यालाच ते जगणे समजत. ग्रॅहॅम हिल नावाचा एक मिशाळ तरुण ब्रँड्स हॅचहून लंडनला परतताना लोटसच्या गाडीत चढून बसला. चॅपमनला वाटले हा कॉस्टिनचा मित्र, कॉस्टिनला वाटले हा चॅपमनचा. पुढे तो एक पौंड रोजावर मेकॅनिक म्हणून चिकटला. हाच हिल दोनदा विश्वविजेता झाला, त्यातली दुसरी वेळ लोटसवर.

आठव्या लोटसचा पिंजरा चॅपमनने कागदावरच्या गणिताप्रमाणे इतका काटेकोर बांधला होता की एकही नळी अधिक नव्हती. अडचण एवढीच, की इंजिन खोलल्याशिवाय त्या पिंजऱ्यातून बाहेर काढता येत नसे. मेकॅनिकांनी मालकाचे काय काय उद्धार केले असतील ते समजू शकते. पण याच गाडीवर १९५४ च्या जुलैत, सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रांप्रीच्या दिवशी झालेल्या लहान गाड्यांच्या शर्यतीत, स्वतः चॅपमनने हान्स हेरमन चालवीत असलेल्या पोर्श कारखान्याच्या गाडीला हरवले. स्टुटगार्टच्या बलाढ्य कारखान्यावर हॉर्न्सीच्या तबेल्याने मात केली होती. त्याच ऑक्टोबरात कॉलिन आणि हेझल यांचा विवाह झाला, आणि १ जानेवारी १९५५ पासून चॅपमन आणि माइक कॉस्टिन दोघांनीही नोकऱ्या सोडून लोटसला वाहून घेतले.

१९५७ हे वर्ष त्या लहान कंपनीचे सुवर्णवर्ष म्हणावे लागेल. ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत लोटस इलेव्हनने आपला वर्ग तर जिंकलाच, शिवाय इंजिनाच्या आकाराच्या मानाने केलेल्या कामगिरीचा मानही मिळवला. ऑक्टोबरात लोटस सेव्हन जाहीर झाली. चार चाके, दोन आसने, एक इंजिन, आणि गिऱ्हाइकाला अंगावर झेलावा लागणारा पाऊस, असे तिचे स्वरूप. साधेपणामुळेच ती अमर ठरली. लोटसने १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमला दिले आणि तिचे वंशज आजही बनतात. त्याच महिन्यात अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात लोटस एलिट मांडली गेली. तिच्यात लोखंडी सांगाडा जवळजवळ नव्हताच. फायबरग्लासचे कवच हाच देह. दिसायला ती अप्रतिम होती. ल मांसला तिने १९५९ पासून सलग सहा वर्षे आपला वर्ग जिंकला. हिशेबाच्या वहीत मात्र ती तोट्याची ठरली, कारण बनवायचा खर्च विक्रीच्या किमतीला गिळून टाकी. जेमतेम हजारभर एलिट तयार झाल्या. १९५९ मध्ये कारखाना तबेल्यातून चेशंटला गेला आणि १९६६ मध्ये नॉरफकमधील हेथेलच्या जुन्या लष्करी विमानतळावर.

इथवरची कथा सांगताना हात अडखळत नाही. पण हलकेपणाची दुसरी बाजूही आहे, आणि चॅपमनची चरित्रे ती कधीकधी घाईने ओलांडतात.

१९६० च्या जूनमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावादरम्यान स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाक निखळले. मॉसचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलर या तरुणाच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला आणि ती झाडीत घुसली. टेलरची कारकीर्द तिथेच संपली; त्याने लोटसवर दावा लावला आणि भरपाई मिळवली. दुसऱ्या दिवशी शर्यतीत ॲलन स्टेसी हा लोटसचा चालक मारला गेला, पण त्याला कारण तोंडावर आदळलेला पक्षी. त्याचा बोल गाडीला लावता येत नाही. जी नळी गणितात अनावश्यक ठरते ती काढून टाकायची, हे तत्त्व तबेल्यात बुद्धीचा विलास होते. तासाला दोनशे किलोमीटरच्या पुढे तेच तत्त्व दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होऊ शकते. गणितात न धरलेला एखादा खड्डा, वेल्डिंगमधला एखादा बुडबुडा, एवढ्याने अनर्थ होई. लोटस चालवणारे चालक हे जाणून होते, आणि तरीही येत होते, कारण तिच्याहून वेगवान गाडी दुसरी नव्हती.

त्यांतला सर्वांत थोर जिम क्लार्क. चॅपमनने १९६२ मध्ये विमानासारखे पत्र्याचे सलग कवच असलेली लोटस २५ ही गाडी आणली आणि फॉर्म्युला वनच्या गाडीची रचनाच बदलून टाकली. मसवेल हिलच्या गॅरेजातली युक्ती ती हीच. क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये विश्वविजेता झाला, १९६५ मध्येच अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही त्याने लोटसवर जिंकली. गाडीने रेषा ओलांडली की चॅपमन धावपट्टीच्या कडेला येऊन डोक्यावरची काळी टोपी उंच भिरकावी. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला खालच्या वर्गाच्या एका शर्यतीत क्लार्कची लोटस झाडांवर आदळली. चॅपमनचा तो जिवलग मित्र होता. आधी दाढी न केलेला, झोप न झालेला चॅपमन मेकॅनिकांना ठाऊक होता. खचलेला चॅपमन त्यांनी तेव्हा पाहिला. तरी त्याच वर्षी विजेतेपद लोटसचेच होते, हिलचे.

योखेन रिंटने तर लेखी कळवले होते. १९६९ मध्ये स्पेनमध्ये त्याच्या लोटसचा पंख मोडून मोठा अपघात झाला, तेव्हा त्याने चॅपमनला पत्र लिहिले. गाड्या अशाही वेगवान आहेत, थोडे वजन वाढवून नाजूक भाग मजबूत केले तरी चालेल, अशी त्याची विनवणी होती. पुढच्या वर्षी ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाच्या सरावात पुढच्या ब्रेकचा दांडा तुटून त्याची लोटस कठड्यावर गेली. तो वारला आणि त्या हंगामाचे विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. तसा तो आजवरचा एकमेव. इटलीत चॅपमनवर चाललेल्या खटल्यातून तो सुटला, कारण मृत्यूला कठड्याची सदोष उभारणी जबाबदार धरली गेली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. ते पत्र मात्र मिटत नाही.

नंतरच्या वर्षांचे यश थोडक्यात सांगून पुढे जातो: गाडीखालून वाहणाऱ्या हवेने गाडी जमिनीला चिकटवणारी लोटस ७९, १९७८ चे आंद्रेत्तीचे विजेतेपद, चॅपमनच्या हयातीत बांधणी करणाऱ्यांसाठीची एकूण सात विजेतेपदे. त्याच १९७८ मध्ये अमेरिकन उद्योजक जॉन डिलोरियनशी करार झाला. बेलफास्टच्या बेरोजगारांना काम मिळावे म्हणून ब्रिटिश सरकारने त्याच्या मोटार कारखान्यात जनतेचा पैसा ओतला होता आणि गाडीचा विकास लोटसने करायचा होता. त्या व्यवहारात पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत सुमारे पावणेदोन कोटी डॉलर गडप झाले. १९८२ च्या ऑक्टोबरात डिलोरियनचा डोलारा कोसळला आणि चौकशीचा फास हेथेलकडे सरकू लागला.

त्याआधी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात एलिओ दे आंजेलिसने सेकंदाच्या विसाव्या भागाने शर्यत जिंकली आणि चॅपमनची टोपी शेवटची उडाली. १६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ५४. त्याच दिवशी त्याचा संघ स्नेटरटनच्या धावपट्टीवर, संगणकाच्या हुकमाने चालणारे स्प्रिंग-पाटे बसवलेल्या गाडीची पहिली चाचणी घेत होता. हा कायद्याला चकवण्यासाठी उठवलेला देखावा आहे आणि माणूस जिवंत आहे, अशा वावड्या पुष्कळ वर्षे उठत राहिल्या. त्यांना कसलाही आधार नाही. त्याचा जुना हिशेबनीस फ्रेड बुशेल याला १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन पिंजऱ्यात असता तर निदान दहा वर्षे भोगावी लागली असती, असे न्यायाधीशांनी तेव्हा नमूद केले.

हेझल त्यानंतर ३९ वर्षे जगली. डिसेंबर २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी ती गेली. तिच्या घरामागे बांधलेली पहिली लोटस १९५० मध्ये जाहिरात देऊन विकली होती आणि ती इंग्लंडच्या उत्तरेकडे कोणीतरी नेली. अलीकडच्या वर्षांत चॅपमन कुटुंबाने आणि कंपनीने तिच्यासाठी जाहीर आवाहन केले, जुनी कोठारे आणि गॅरेजे धुंडाळण्याची लोकांना विनंती केली. ओएक्स ९२९२ ही तिची पाटी. गाडी अजून सापडलेली नाही.